टेप काढणारे जावई

प्रश्न : दिवाळीत आमच्या पुतणीचे यजमान पहिल्यांदाच घरी राहायला आले. आर्किटेक्ट आहेत, पुण्यात दहा-बारा वर्षं काम करतात. फराळाचं ताट पुढे ठेवलं, तर जावईबापू खिशातून टेप काढून माडीचा जिना मोजायला गेले. खाली आल्यावर ओसरीच्या कट्ट्यावर बसले, उठले, पुन्हा बसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. विचारलं तर म्हणाले, ‘सवय आहे काका.’ पाच वर्षांचं शिक्षण झालं, इतकी घरं बांधून झाली, तरी आमच्या शंभर वर्षांच्या जिन्याकडून या लोकांना काय शिकायचं असतं? शिवाय दर वर्षी कधी श्रीलंका, कधी इटली असं फिरून येतात आणि त्याला ‘अभ्यास दौरा’ म्हणतात. तो खरोखर अभ्यास असतो, की सहलीला दिलेलं भारदस्त नाव?
— एक वाचक, कराड

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. निम्मे अभ्यास दौरे सहलीच असतात. चाळीस जणांची बस, नावाजलेल्या इमारतीसमोर वीस मिनिटं, त्यातली पंधरा फोटोत. मीही असे दोन दौरे केले आहेत आणि त्यातल्या एकाची मला आज फक्त बिर्याणी आठवते. उरलेल्या निम्म्यांची गोष्ट वेगळी आहे. ती सांगायला तुमच्या जिन्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

तुमचा जिना मी पाहिलेला नाही, पण कराडच्या जुन्या घरात तो कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. भिंतीला चिकटून गेलेला, अरुंद, भर दुपारी अंधारा, आणि धरायला एक दोर किंवा हात लागून लागून गुळगुळीत झालेला दांडा. आता गंमत बघा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लाँदेल नावाच्या वास्तुकलेच्या शिक्षकाने जिन्याचा एक हिशेब मांडला. पायरीची उंची दुप्पट करा, त्यात पाऊल ठेवायची रुंदी मिळवा. बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी आली की जिना जमला. आज आम्ही ही बेरीज ६० ते ६५ सेंटिमीटरच्या आसपास धरतो. पायरी १५ सेंटिमीटर उंच आणि ३० रुंद असेल तर बेरीज ६०. शाळा-दवाखान्यात अशी पायरी असते. घरात १७ आणि २७ केली तर ६१. तेही ठीक.

आता वाड्यातला एखादा जिना घ्या. उंची २३, रुंदी २०. बेरीज ६६! म्हणजे ब्लाँदेलसाहेबांच्या कागदावर तो जवळजवळ पास झाला. पण त्याच जिन्यावरून माझी आजी उलटी, पायऱ्यांकडे तोंड करून, शिडीवरून उतरावं तशी उतरायची. नुसतं सूत्र पाठ असलेल्या माणसाला हे कळणार नाही. जो हातात पाण्याचा तांब्या घेऊन तो जिना उतरला आणि ज्याची टाच दर पायरीला मागच्या फळीला घासली, त्याला मात्र कळेल. तुमच्या जावयांच्या वहीत दोन आकडे असतील आणि शेजारी अशी एखादी ओळ असेल. आकडे पुस्तकात मिळतात. ती ओळ मिळत नाही म्हणून ते उठले.

ही खोड आम्हाला कॉलेजात लागते. ‘मेझर्ड ड्रॉइंग’ नावाचा एक प्रकार असतो. पोरापोरींची टोळी एखाद्या वाड्यात, देवळात किंवा घाटावर जाऊन पडते आणि दिसेल ते मोजून कागदावर उतरवते. आमच्या वाट्याला वाईजवळचं मेणवली आलं होतं, नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा कृष्णेवरचा घाट. दिवसभर एकच आरोळी चाललेली असायची : ‘झीरो धर!’ टेपचं शून्याचं टोक धरून उभा राहणारा तो सगळ्यात दुर्दैवी. त्याला ना काढायला चित्र, ना लिहायला आकडा. ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं, त्यामुळे तासन् तास एकाच खांबाशी उभं राहून मी जे पाहिलं ते आकडे लिहिणाऱ्यांनी पाहिलं नाही. चौकातलं ऊन सरकत सरकत सोप्यात कुठपर्यंत येतं आणि कुठे थबकतं, ते मला खांबाच्या सावलीवरून कळलं. त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आजोबा कुणाच्याही घराचं वर्णन खणांत करायचे, ‘पाच खणी माजघर’ असं. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि सबंध घर त्या मापाच्या पटीत उभं राहतं, हे मात्र मेणवलीत टेप हातात धरल्यावर कळलं. घरच्या भाषेतला शब्द समजायला मला घर सोडून वाईला जावं लागलं. प्रवासाचा निम्मा उपयोग हाच.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. चंडीगढ वसवणारे ल कॉर्बुझिए हे स्वित्झर्लंडमधल्या घड्याळं करणाऱ्या गावातले. १९०७ साली, विशीही उलटली नव्हती तेव्हा, ते इटलीत फिरत होते. फ्लॉरेन्सजवळ एमा इथे त्यांनी एक मठ पाहिला. तिथे प्रत्येक साधूला स्वतःचं छोटंसं घर, त्यापुढे भिंतीआड स्वतःची बाग, आणि ही सगळी घरं एका सामाईक प्रशस्त चौकाभोवती ओवलेली. एकांतही पुरेसा आणि सोबतही पुरेशी. १९११ मध्ये एका मित्राबरोबर बाल्कन प्रदेश, इस्तंबूल, अथेन्स अशी मोठी भटकंती करून परतताना ते त्याच मठात पुन्हा गेले. वह्याच्या वह्या भरल्या. आणि मग? मग पुष्कळ वर्षं गेली. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहरात त्यांची अठरा मजली इमारत पुरी झाली : ३३७ घरं, प्रत्येकाला आपापली खोल गॅलरी, इमारतीच्या मध्यावर दुकानांचा मजला, गच्चीवर बालवाडी. साधूची कोठडी, बाग आणि सामाईक चौक चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी एकमेकांवर रचून उभे राहिले. त्यात मठाची कमान नाही, खांब नाही, कौल नाही. ओळखून दाखवा म्हटलं तर कुणाला ओळखता येणार नाही.

याच गृहस्थांनी अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर खेकड्याचं एक रिकामं कवच उचललं होतं. एवढंसं कवच आपल्या वजनाखाली दबत कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. ते टेबलावर ठेवलं. पुढे रोंशांच्या चर्चचं छत आखताना ते कवच समोर होतं. आमच्या बहुतेकांच्या टेबलांवरही असा कचरा असतो. फळीचे तुकडे, नदीतला गोटा, कुठल्यातरी गावच्या कौलाची खापरी. घरचे लोक दिवाळीच्या साफसफाईत फेकून देतात आणि भांडणं होतात.

माझ्या वाट्याला आलेली गोष्ट याहून पुष्कळ लहान आहे, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत मला माहीत आहे, म्हणून तीच सांगतो.

केरळात जुन्या रस्त्यांच्या कडेला दगडाची एक साधी चौकट दिसते. दोन उभे खांब, त्यांवर एक आडवी शिळा, उंची साधारण माणसाच्या खांद्याएवढी. तिला अत्ताणी म्हणतात. डोक्यावर ओझं घेऊन मैलोगणती चालणाऱ्या माणसाची अडचण अशी, की ओझं खाली ठेवलं तर पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. अत्ताणी असली की तो एकटाच ओझं त्या शिळेवर सरकवतो, घाम पुसतो, पाणी पितो आणि डोकं खाली घालून ओझं पुन्हा उचलतो. मल्याळममध्ये घरातल्या कर्त्या माणसालाही अत्ताणी म्हणतात. कॉलेजच्या दौऱ्यात आम्ही अशी एक पाहिली. बरोबरचे सगळे पुढे देऊळ बघायला पळाले. मी तिच्यालगत उभा राहिलो, शिळा माझ्या खांद्याला लागली, ते चित्र वहीत काढलं आणि विसरून गेलो.

बाराएक वर्षांनी एका संध्याकाळी आमच्याच मजल्यावर समोरच्या वहिनी दाराशी उभ्या होत्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, काखेत दुधाची पिशवी, खांदा वर करून कानाशी धरलेला फोन आणि किल्ली दातांत. पिशव्या खाली ठेवाव्यात तर नुकतीच फरशी पुसलेली. मी मदतीला पुढे व्हायच्या आधी, खरं सांगतो, मला ती शिळा दिसली.

त्या वेळी हातात असलेल्या इमारतीत प्रत्येक दाराशेजारी एक फळी घेतली. नऊ इंच रुंद, कडप्प्याची, पुढची कड गोल घासलेली, कमरेच्या उंचीला. पहिली बसवत होतो तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, ‘साहेब, हितं काय ठेवायचं?’ म्हटलं, पिशवी. त्यांनी हातातली थापी तशीच धरून थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘मग एवढं वर कशाला? पिशवी उचलून वर ठिवायची म्हंजी पुन्हा वझंच की. जरा खाली घ्या. हात सरळ सोडला की पिशवी टेकली पायजे.’ डोक्यावरच्या ओझ्याचं माप खांद्याशी असतं, हातातल्या ओझ्याचं त्याच्या पुष्कळ खाली. मी केरळातून कल्पना आणली होती, पण उंची आणायची राहिली होती. ती मिस्त्रींनी दिली. फळी सहा इंच खाली आली.

पुढचं सांगतो. वर्षभराने गेलो तर त्या फळ्यांवर दुधाच्या पिशव्या, पेपर, कुरिअरची पाकिटं, एका ठिकाणी तुळशीचं रोप आणि एका ठिकाणी गृहपाठ करणारा मुलगा. सोसायटीने खाली फलक लावला होता : ‘पॅसेजमध्ये वस्तू ठेवू नयेत.’

म्हणून आमच्यात जे फिरून येतात आणि पाहिलेलं तसंच्या तसं उतरवतात, त्यांच्याविषयी मला फारसं बरं वाटत नाही. एखाद्या बिल्डरने दुबई पाहिली की त्याला पुण्यातही काचेचीच इमारत हवी असते, आणि आमच्यातलाच कुणीतरी ती काढून देतो. मग पश्चिमेकडची ती देखणी काच दुपारी तीननंतर तापते आणि आत बसलेले लोक डोळ्यांवर येणारं ऊन अडवायला तिच्यावर वर्तमानपत्रं चिकटवतात. बाहेरून बघा, बातम्या वाचता येतात. मुंबईत चार्ल्स कोरियांपुढे कांचनजंगा इमारतीच्या वेळी हाच पेच होता. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि कडक ऊन व पाऊसही तिकडूनच. कोरिया अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटीत शिकून आलेले, पण इथे त्यांनी आठवण काढली जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची. बंगल्याभोवती फिरणारा तो व्हरांडा त्यांनी कोपऱ्यांत, दोन-दोन मजल्यांच्या उंचीचा, उघड्या गच्च्या करून वर चढवला. १९८३ मध्ये इमारत पुरी झाली. खालून जाताना मान वर करून बघा.

कोरियांचीच दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त आवडते. मुंबईत फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कुणालाही दिसतं, ते त्यांना दिसलं. दिवसा पदपथ फेरीवाल्यांचा, रात्री तिथेच झोपणाऱ्यांचा, आणि चालणारा बिचारा रस्त्यात. त्यांनी सुचवलं, की पदपथाच्या कडेने दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच ओटे बांधावेत, त्यांना नळ द्यावेत. दिवसा त्यावर दुकानं. संध्याकाळी नळ सोडून ओटे धुऊन काढायचे, की रात्री तेच झोपायला. कल्पना कागदावरच राहिली. पण ती सुचायला कुठे परदेशी जावं लागलं नव्हतं. दुकान आवरायची वेळ आणि अंथरूण पसरायची वेळ यांच्यात थोडी फट आहे, हे संध्याकाळी तिथे उभं राहिल्यावर दिसतं.

बाळकृष्ण दोशींचंही असंच. १९२७ चा जन्म पुण्याचा, घरचा व्यवसाय लाकडी सामानाचा, आणि माणसं वाढली की खोल्या वाढत जाणारं एकत्र कुटुंबाचं घर. पॅरिसला कॉर्बुझिएंकडे उमेदवारी केली, अहमदाबादेत संसार आणि काम मांडलं. पण ऐंशीच्या दशकात इंदूरजवळ ‘अरण्य’ ही गरिबांची वसाहत आखायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या संस्थेतली माणसं आधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांत गेली. लोक दारापुढे किती जागा सोडतात, ओट्यावर काय काय चालतं, झाड कुठे राखतात, गल्ली कुठे रुंद होते, हे त्यांनी टिपून घेतलं. मग लोकांना जोतं, न्हाणी-संडास, पाणी आणि जमल्यास एक खोली एवढंच दिलं. बाकीचं ज्याने त्याने सवडीने वाढवावं. वाढत जाणारं घर दोशींनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यात ते लहानाचे मोठे झाले होते. २०१८ मध्ये वास्तुकलेचा प्रिट्झ्कर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय.

कधी कधी तर प्रवास खाटेपर्यंतच होतो. फिनलंडचे आल्वार आल्टो क्षयरोग्यांसाठी पाइमिओचं रुग्णालय आखत होते, तेव्हा मध्यंतरी ते स्वतःच आजारी पडून होते. त्यांनी पुढे सांगितलं, की पडल्या पडल्या लक्षात आलं : खोल्या सगळ्या उभ्या माणसासाठी केलेल्या असतात, आडव्या माणसाच्या डोळ्यांत छताचा दिवा थेट घुसतो. म्हणून १९३३ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या रुग्णालयात छताला गडद शांत रंग आहे आणि दिवा रुग्णाच्या नजरेआड आहे. तोंड धुवायच्या भांड्याचा उतारही असा, की पाणी पडताना आवाज होऊ नये आणि शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडू नये. निरोगी माणसाला ती गोष्ट सुचलीच नसती.

आता स्वतःची फजिती सांगितल्याशिवाय हे उत्तर खरं व्हायचं नाही. मी पहिलं स्वतंत्र घर केलं ते सांगलीजवळ, एका शिक्षक जोडप्याचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी लांबच लांब खिडकी घेतली होती, पलीकडे शेवग्याचं झाड. फोटो झकास आले. दोन वर्षांनी सत्यनारायणाला बोलावलं म्हणून गेलो, तर खिडकीचं गॅससमोरचं तावदान बंद आणि त्यावर दिनदर्शिका टांगलेली. मी बघत राहिलो तेव्हा बाई ओशाळून म्हणाल्या, ‘वारा छान येतो हो. पण पोळी फुगत नाही.’ ज्योत हलते, पोळी एका बाजूला करपते आणि दुसऱ्या बाजूला कच्ची राहते. कॉलेजच्या पाच वर्षांत मला कुणी पोळी लाटायला लावली नव्हती, आणि घरी आयती मिळत होती. तेव्हापासून स्वयंपाकघर आखायच्या आधी मी त्या घरच्या बाईंच्या जुन्या स्वयंपाकघरात एक सकाळ स्टुलावर बसतो. सुरुवातीला त्यांना फार अवघडल्यासारखं होतं. चहा दोनदा होतो. मग त्या विसरतात, आणि मीठ कुठल्या हाताला लागतं, कुकरची शिट्टी झाली की तो कुठे उतरवतात, पोळपाट ओट्यावर घेतात की खाली, हे सगळं दिसायला लागतं. आणि आपण बांधलेल्या घरी दोन वर्षांनी, न बोलावताही, एकदा जाऊन येतो. त्या भेटीची फी कुणी देत नाही, आणि अपमानाची तयारी ठेवावी लागते.

तुमच्या ओसरीच्या कट्ट्यावर जावई दोनदा का बसले, तेही सांगतो. खुर्चीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते. जुन्या घरांचे कट्टे बऱ्याचदा त्याहून उंच, पाय लोंबते राहतील असे. तिथे माणूस टेकतो, मांडी घालतो किंवा उभ्या उभ्या कोपर ठेवून बोलतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडतो. पुण्यातल्या इमारतींखाली आम्ही मापात बसणारे बाक ठेवतो आणि त्यांवर कुणी बसत नाही. जावई बहुधा त्याच कोड्यात असतील. पुढच्या वेळी त्यांना चकली आधी खाऊ द्या आणि मग स्वतः शेजारी बसून विचारा.

एक काम मात्र माझ्यासाठी करा. जिन्याचे आकडे त्यांच्याकडून मागून घ्या आणि सगळ्यात खालची पायरी इतरांपेक्षा किती कमी आहे ते बघा. जुन्या घरात शेणाच्या जमिनीवर नंतर कधीतरी शहाबादी फरशी येते, तिच्यावर आणखी कधीतरी टाइल बसते. दर वेळी जमीन वर येते आणि खालची पायरी तेवढी बुटकी होते. अंधारात उतरणाऱ्याचा पाय तिथे हमखास फसतो. तुमच्या घरात तिथे कोण कोण अडखळलंय, ते कळवा.